राखेने घासलेली काच

काल पेणच्या घराला आपोआप आकडा पाठवणारा पाण्याचा मीटर बसला आणि त्याची चकचकीत काच बघून आई आठवली. ती धरमतरकडच्या मिठागरातली, लग्नापर्यंत डोक्यावरून पाणी वाहिलेली. इथे पहिला नळ आला, तेव्हा मीटर बघायला माणूस येणार म्हणून तिने मीटरची काच हंड्यासारखी राखेने खसाखसा घासली. ओरखड्यांनी धुरकटलेल्या काचेतून तो वाकून बघत राहिला. "वहिनी, आकडाच दिसत नाय. काय लिहू?" आई ओशाळली, पण लगेच ताठ होऊन म्हणाली, "रोजचे सात हंडे. मोजून भरते मी." त्याने वही मिटली, तिने दिलेलं पाणी प्यायला आणि म्हणाला, "हा तांब्यापण धरा त्यात." आता आकडा बघायला दारात कुणी येणार नाही. तरी आज सकाळी मी ती काच पदराने पुसली.