तांबडा ठिपका

सकाळी ग्रुपवर मॅनेजरनं लिवलं, ‘ताई, या महिन्यात तुमचा ठिपका चार दिवस लेट. काही गोड बातमी?’ खाली हसणारी तोंडं. सात-आठ. पयलं तोंड टेम्पोवाल्याचं.

माझा नवरा जाऊन तीन वर्षं झाली. ग्रुपातल्या सगळ्यास्नी ठाव हाय.

मिरजेत दवाखान्यांतल्या पेशंटास्नी डबे जात्यात, त्या स्वयंपाकघरात मी भाकरी करते. मालक लय देवाधर्माचे. अडचण आली की बाईनं चुलीपाशी यायचं न्हाई, भायेर भांडी घासायची. आधी आमी ते अक्काच्या कानात सांगायचो. अक्का म्हंजे आमची मुकादमीण. ती मान हलवायची, झालं. मग ह्यो नवा मॅनेजर आला. त्येनं व्हॉट्सॅप ग्रुप काढला. अडचण आसंल तिनं सातच्या आत नावापुढं तांबडा ठिपका टाकायचा. ग्रुपात आमी अकरा बायका, बाकी सगळे गडी. टेम्पोवाले, वॉचमन, भाजीवाला, मालकाचा भाचा.

मी टाकला. वर्षभर टाकत ऱ्हायले. आटपाडीकडची मेंढरं इकून आमी हितं आलो, माघारी जायाला काय ऱ्हायलं न्हवतं. ठिपका पडला की टेम्पोवाला लांबनंच इचारायचा, आज भायेर व्हय? मी खाली मान घालून भांडी घासायची. माझी मलाच शरम वाटती आता.

त्या दिवशी सांजच्याला त्या मेसेजचा स्क्रीनशॉट माझ्या दिराच्या मोबाईलवर. कुणी धाडला कळलं न्हाई. सासूनं दार लावलं अन् माझ्या पोटाकडं बघत ऱ्हायली. मी शपथा घेतल्या, तरी तिनं माझ्या पोरीला माझ्यापाशी झोपू दिलं न्हाई. तिसऱ्या दिवशी अडचण आली. सासूनं कापड दाखव म्हणलं. मी दाखवलं. तिचं समाधान झालं अन् ती चहा ठेवाय गेली.

मी मोरीत बसून मोबाईल काढला. जुने ठिपके सगळ्यांच्या मोबाईलमधनं पुसावं म्हणलं. पुसंनात. लय दिवस झाले व्हते. बारा महिन्याचं माझं अंग त्या गड्यांच्या खिशात पडलं व्हतं, अन् माझा त्येच्यावर काय हक्क न्हवता. तवा मला रडू आलं न्हाई, लय राग आला.

म्होरल्या महिन्यात मॅनेजर मोबाईल घिऊन चुलीपाशी आला. तारीख झाली, ठिपका कुठाय म्हणाला. परातीत माझं पीठ मळायचं चाललं व्हतं.

“सायेब, आजपासनं मी कायबी कळवणार न्हाई.”

“मग चुलीपाशी कशा येणार?”

“येणार. रोज येणार.”

अक्का बारीक आवाजात म्हणाली, आगं, देवाधर्माचं अन्न हाय. मी परातीतला गोळा उचलून भाकरी थापाय घेतली.

मला ग्रुपातनं काढलं. आता म्हणत्यात, लेखी दे, अडचण असताना चुलीला शिवणार न्हाई म्हणून. न्हाई दिलं तर कामावरनं काढणार. काढू द्यात. मी लिवून देणार न्हाई.

मॅनेजरला न्हाई म्हणलं त्या दिवशी मी दोनशे भाकरी केल्या. मालकानंबी खाल्ली. मला अडचण व्हती का न्हवती, ते माझं मला ठाव. तुमालाबी सांगणार न्हाई.