कूळ कोणतं

आमच्या कागद कारखान्यात लगद्याला कुणी लगदा म्हणत नाही. तमिळमध्ये तो कूळ. आडी महिन्यात, म्हणजे आषाढाच्या सुमाराला, मारियम्मनच्या देवळापुढे नाचणीची पेज वाटतात, तिलाही कूळच म्हणतात. शेवटचं अक्षर तमिळ माणूस जीभ वळवून म्हणतो, आम्हा तंजावूरच्या मराठ्यांच्या तोंडात त्याचा सरळ ळ होतो. मी इंजिनिअर होऊन इथे लागले तेव्हापासून मराठी बोलतानाही कूळच म्हणते. त्यात काही चुकतंय असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझं काम खरं तर लगद्याचं नाहीच. लगदा काढल्यावर मागे काळं, दाट पाणी उरतं, ब्लॅक लिकर, त्याचं आहे. पूर्वी ते सगळंच्या सगळं आटवून बॉयलरमध्ये जाळायचे. वाफ मिळायची, रसायनं परत मिळायची, झालं. आता आम्ही त्यातलं थोडं बाजूला घेतो आणि त्यात कार्बन डायऑक्साइड सोडतो. मग लाकडाला घट्ट धरून ठेवणारं लिग्निन खाली बसतं. गाळून, धुऊन, वाळवलं की कॉफीच्या पुडीसारखी भुकटी हाती येते आणि प्लायवूडच्या गोंदात जाते. याला बायोरिफायनरी म्हणतात. पहिल्यांदा सगळ्याचा चिकट गोळा झाला, गाळणीचं कापड तुंबलं, तेव्हा वरचे लोक म्हणाले, बंद करा हा खेळ. मी भांडले. कचाकचा भांडले. आज तो विभाग चालतोय आणि त्याला मी माझाच म्हणते, कुणाला काय वाटायचं ते वाटो.

आता अप्पांचं. अप्पा ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीतून निवृत्त झाले. देवनागरी एकेक अक्षर लावत वाचतात, पण मनात एकच घोकणी: आपण तिकडून आलो, एक तरी पोर तिकडे परत जायला हवी. नात्यातल्या मुली चेन्नईत गेल्या, अमेरिकेत गेल्या, महाराष्ट्रात कुणी गेली नाही. म्हणून कोल्हापूरकडचं स्थळ आलं तेव्हा अप्पांना आभाळ ठेंगणं झालं. मुलगा साखर कारखान्यात बॉयलरवर इंजिनिअर. पहिली भेट व्हिडिओ कॉलवर ठरली. अप्पांनी नवी वेष्टी, म्हणजे इकडचं पांढरं धोतर, नेसली. अप्पा, फोनात छातीपर्यंतच दिसतं, मी म्हटलं. ऐकतात कुठे!

मुलाच्या आई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. आमचं मराठी ऐकून त्यांना गंमत वाटली, किती जुनं बोलता हो, म्हणाल्या. मग माझ्या कामाची चौकशी सुरू झाली. मला विचारायचीच खोटी, मी सुटले. कारखाना, शिजवण, काळं पाणी, सगळं सांगितलं. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "बरं, तुमचं कूळ कोणतं?"

"आधी निलगिरीचं होतं," मी म्हटलं, "आता उसाच्या चिपाडाचं. थोडी मिसळ केली तर जास्त मजबूत होतं."

पलीकडे कुणी हलेना. मला वाटलं नेट गेलं. अप्पांनी कपाळावर हात मारून घेतला आणि घाईघाईने आमचं कूळ, देवक, सगळं सांगून टाकलं. मग तमिळ कूळ म्हणजे काय तेही सांगितलं. मुलाच्या आई कसनुशा हसल्या. मुलगा मात्र इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. म्हणाला, आम्ही चिपाड जाळतो, तुम्ही शिजवता. आणि मग त्याने विचारलं, की लिग्निन काढून घेतल्यावर बॉयलरला जाळायला कमी पडत नाही का?

आमच्या घरात आजवर सगळ्यांनी एकच विचारलं होतं, कारखान्यातून आल्यावर अंगाचा वास जातो का. हा पहिला माणूस, ज्याने नेमकं तेच विचारलं ज्यावर मी वर्षभर डोकं फोडलं होतं. मी सांगितलं, आमचा बॉयलर आधीच दमलेला आहे, थोडं काढलं तर त्याचा भार हलका होतो आणि लगदा जास्त निघतो. तो मान हलवत ऐकत होता. आवडला मला. खोटं कशाला बोलू!

मग त्याच्या आईंनी सरळ सांगितलं. मुलाचे वडील अंथरुणाला खिळलेले, घरात बाई माणूस हवं, मुलीला नोकरी सोडावी लागेल. त्यात फसवाफसवी काही नव्हती, आवाजही चढा नव्हता. मुलगा खाली बघत होता. मी गप्प बसले. अप्पांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि फोनकडे वळले.

"नक्को," ते म्हणाले. "माझी लेक काम सोडायची नाही."

पलीकडून नमस्कार झाला, फोन बंद झाला. ज्या माणसाने जन्मभर तिकडची वाट बघितली, त्याने ती माझ्यासाठी एका शब्दात बंद केली होती.

"वाईट वाटून घेऊ नको गे," अप्पा म्हणाले. "तू कधी गप्प बसत नाहीस. बसलीस, तेव्हाच मला कळलं, तुला फार लागलं ते."

"लागलं नव्हतं, अप्पा," मी म्हटलं. "हो म्हणावं का, याचा मी विचार करत होते."