चुडाव्याजवळच्या गावात ऐकलेली कडीची गोष्ट

आईचे मामा, आमचे दत्तूआजोबा, त्र्याण्णव वर्षांचे. निजामाच्या राज्यात त्यांनी जकातीचा नाका जाळला, हे घरात शंभरदा ऐकलेलं. यंदा मुक्तिसंग्राम दिनाला गावच्या शाळेत त्यांचा सत्कार होता, म्हणून मी आदल्या दिवशीच निघाले. चुडाव्याला मोजक्याच गाड्या थांबतात. त्यापेक्षा पूर्णेला उतरून जीप धरा. खड्डे मात्र कंबर मोडतात.

दुपारी जेवायला बसलो. नातसून सुशीलावहिनींनी गरम भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. मी सहज विचारलं, "आजोबा, नाका जाळताना कुणाला काही झालं नव्हतं ना?"

त्यांनी घास ताटात ठेवला. "आत कारकून व्हता. जेवून झोपलेला. बाहेरून कडी मीच घातली."

मी ताट बाजूला सारलं.

"जागा झाला. दार बडवायला लागला. मी कडीला हात घातला, तर सोबतचे म्हणले, हा सुटला तर नावं सांगल, रझाकार गाव जाळतील. मी हात मागं घेतला."

"आमाला कधी सांगितलं न्हाई!" वहिनी जागीच बसल्या.

"तुमी इचारलं कधी? समदे नुसते हार घालायलेत."

"मग नाका जाळणं चुकलं?" मी विचारलं.

"न्हाई. जुलूम लय व्हता. बंदूक घेऊन येणाऱ्यावर हात उचलला, त्याची लाज न्हाई. पण त्याच्या हातात बंदूक नव्हती, पोरी." पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "उद्या शाळेत सांगणार हाय."

वहिनींनी परोपरीनं विनवलं. तरी दुसऱ्या दिवशी, झेंडावंदनानंतर, त्यांनी माइकवर सगळं सांगितलं. मुख्याध्यापक हार हातात धरून तसेच उभे. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "आजोबा, त्येचं नाव काय व्हतं?"

आजोबांचे ओठ हलले. "म्हाईत न्हाई, बाळ. कुणी इचारलंच न्हाई." आणि माइक धरूनच ते रडायला लागले. हार तसाच राहिला.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, "गावात तेव्हा माझी आई होती, मामांची धाकटी बहीण. सहा वर्षांची."

जुलमी सरकारवर हात उचलावा का? कॉलेजच्या वादविवादात मी 'हो' म्हणून टाळ्या घेतल्या होत्या. आजही मी 'हो'च म्हणेन. पण त्या कारकुनाच्या घरी त्या रात्री कोण वाट पाहत होतं, हे मला ठाऊक नाही, आणि आता ते कळायचा मार्गही उरलेला नाही.