रोमान्स किट आणि उष्टी हळद

"साहेब, तुमचा तेल लावला नि पोराचा तोंड सुजला," फोनवर पाटीलशेठ म्हणाले. "उद्या लगीन हाय."

पाटीलशेठ म्हणजे आमच्या कंपनीच्या शेडचे मालक, तळवली गावचे. मी त्या कंपनीत केमिस्ट. आम्ही एसेन्शियल ऑइल बाटल्यांत भरायचो. एसेन्शियल ऑइल म्हणजे फुलांचा तीव्र अर्क; ढीगभर फुलांतून चमचाभर निघतो. तो थेट कातडीला लावत नाहीत. चमचाभर खोबरेल तेलात दोन थेंब, बस.

नव्वदच्या दशकात अरोमाथेरपीची टूम निघाली आणि आमचे बॉस रेगेसाहेब एकदम कवी झाले. गुलाब, जाई आणि इलँग-इलँग नावाचं एक परदेशी फूल, अशा तीन बाटल्यांचं 'रोमान्स किट' त्यांनी काढलं. खास नवशिक्यांसाठी. लेबलवर मी 'खोबरेल तेलात मिसळूनच वापरा' असं लिहिलं होतं. साहेबांनी ते खोडलं.

"साठे, रोमँटिक गोष्टीवर वॉर्निंग छापतात का?"

"नवशिक्यांसाठी आहे ना, सर?"

"म्हणूनच. घाबरतील ते."

पहिलं किट साहेबांनी पाटीलशेठच्या मुलाला लग्नाची भेट म्हणून स्वतः पोचवलं. शेडचा करार संपत आला होता, हा निव्वळ योगायोग.

आम्ही तळवलीला धावलो. नवरदेव अंगभर हळद माखलेला आणि तोंडाने लालबुंद. बायका त्याच्या तोंडावर तांब्याने पाणी ओतत होत्या.

"हळदीत किती घातलं?" मी विचारलं.

"तिन्ही बाटल्या," पाटीलकाकी म्हणाल्या. "बारक्याशा तर व्हत्या. वास पन चांगला हाय."

तेल नुसत्या पाण्याने निघत नाही. मी खोबरेल मागवलं, त्याच्या तोंडाला चोपडलं, मऊ फडक्याने पुसलं आणि त्याला डॉक्टरकडे पाठवलं. मग परातीकडे लक्ष गेलं. रिकामी होती.

"उरलेली हळद कुठाय?"

"उष्टी हळद गेली ना बोनकोड्याला. नवरीला लावाला."

नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीला लावायची, ही रीत. म्हणजे आमचा प्रताप रिक्षात बसून नवरीच्या गालाकडे निघाला होता. तिकडे कोणी फोन उचलेना. त्या मुलीला मी कधी पाहिलंही नव्हतं, पण मी साहेबांना ओढतच गाडीकडे नेलं.

साहेबांच्या गाडीतून बोनकोडे गाठलं. नवरी पाटावर बसली होती आणि तिच्या आत्याने वाटीत बोटं घातलेली होती.

"थांबा," मी म्हणालो. "ही हळद लावू नका. नवरदेवाचं तोंड भाजलंय हिने."

"उष्टी हळद नाय लावाची? अपशकून हाय त्यो."

साहेबांचं काव्य आटलं होतं. ते मांडवाचे बांबू बघत उभे.

"लावा की," मी म्हणालो. "पण घरची ताजी हळद घ्या, तिच्यात भरपूर खोबरेल घाला आणि ह्यातली चिमूटभरच टाका."

आत्याने आधी बोटं पुसली, मग विचार केला. "चिमूट तर चिमूट. उष्टी ती उष्टीच."

दुसऱ्या दिवशी नवरी तुकतुकीत दिसत होती. नवरदेव मुंडावळ्यांआडून एकाच डोळ्याने तिला बघत होता. आणि तरी हसत होता, म्हणून मला जरा बरं वाटलं.

जेवणाच्या पंगतीत पाटीलशेठनी साहेबांना गाठलं. "तो तेल बनवला कोनी?"

तोवर कंपनीचं प्रत्येक तेल साहेबांच्याच डोक्यातून निघत आलं होतं. कॅटलॉगमध्ये तसं छापलेलं होतं, त्यांच्या फोटोसकट. साहेबांनी क्षणाचाही विलंब न लावता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हे आमचे साठे. सगळं श्रेय ह्यांचं."

नोकरीत आपल्याला श्रेय मिळत नाही, अशी कुरकुर मी त्या दिवसापासून बंद केली.