जवसाचं तेल प्यायलेली मडकी

आईच्या मणक्याला चीर गेली ती भाजीला पाणी देताना. अमरावतीत आमच्या घरामागे चार खाटा मावतील एवढी मोकळी जागा आहे. तिथे ती वांगी, टमाटे, मिरच्या, बरबटीच्या शेंगा आणि सांबार लावते. बरबटी म्हणजे चवळी आणि सांबार म्हणजे कोथिंबीर. वऱ्हाडाबाहेरच्या माणसांना हे दर वेळी सांगावं लागतं. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून ते टाक्यात साठवायचं आणि बादलीने भाजीपर्यंत न्यायचं. जानेवारीत भरल्या बादलीसकट ती घसरली. डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला आणि चार महिने वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं. पुन्हा पडल्या तर अंथरूण धरावं लागेल, असं तिच्यासमोरच सांगितलं.

मी अकोल्याला नोकरी करते आणि तिसऱ्या मजल्यावर राहते. वडील गेल्यापासून आई एकटी असते. माझ्याकडे चल म्हटलं तर म्हणाली, "तुह्या त्या कबुतराच्या खोक्यात मी नाई येत." भाजी या वर्षी राहू दे म्हटलं तर रोपं आधीच लावलेली होती. मग मी रोज सकाळी सहाला फोन करायला लागले.

"बादली उचलली का?"

"नाई वं माय."

हे खोटं आहे, हे मला आवाजावरूनच कळायचं. तिला धाप लागलेली असायची.

भांड्यांना येणारी बाई चांगली आहे, पण तिने स्पष्ट सांगितलं, "हप्त्यातून एकडाव पाणी टाकून देईन. रोजच्या बादल्या माह्यानं होत नाई." तिचं बरोबर होतं. म्हणजे हप्त्यातून दोनदाच पाणी घातलं तरी भाजी जगेल, अशी सोय करणं भाग होतं. एकदा सुटीला येऊन मी घालणार, एकदा बाई.

आमच्या कार्यालयातल्या एकाने तिवस्याकडच्या शेतात संत्र्याच्या रोपांजवळ मडकी पुरली होती. मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, पाण्याने भरायचं, वर झाकण ठेवायचं. भिंतीतून पाणी झिरपतं आणि मुळं हवं तेवढं घेतात. उन्हाने वाया काही जात नाही. मला हे पटलं. मार्चमधल्या एका रविवारी मी कुंभाराकडून सहा मडकी आणली, आईच्या स्वयंपाकघरात ठेवली आणि गाडी पकडली. पुढच्या शनिवारी येऊन पुरली. काळी माती खणताना माझी पाठ मोडली. आई पट्टा बांधून खुर्चीवर बसली होती.

"चांगली मडकी मातीत घालून राहिली," ती म्हणाली. "शिकलेली पोरगी माही."

मडक्यांना कसलासा वास येत होता. स्वयंपाकघरात आठवडाभर पडून होती, म्हणून येत असेल, असं मला वाटलं. सहाही काठोकाठ भरून मी अकोल्याला परतले आणि बऱ्याच दिवसांनी शांत झोपले.

पुढच्या शनिवारी पाहते तर मडकी भरलेली आणि वांग्यांनी माना टाकलेल्या. मला वाटलं, बाईने आजच पाणी भरलं असेल. तिला विचारलं.

"मी तं हातच नाई लावला, ताई. बुधवारी उघडून पाह्यलं, भरेलच होते. टाकू कुठं?"

आठवडाभरात पाणी बोटभरही उतरलं नव्हतं. मात्र टमाट्यांच्या बुडाशी माती ओली होती. मी आईकडे पाहिलं. तिने नजर चुकवली.

"अर्धीच उचलली," ती म्हणाली. "अर्धीले काय वजन असते? सुकून राह्यले होते ते."

मी चिडले होते, पण भांडून मडकं झिरपणार नव्हतं. एक उकरून काढलं, पुसलं आणि उन्हात धरलं. बाहेरून कोरडं ठणठणीत. आतून बोट फिरवलं तर गुळगुळीत, चकचकीत. आणि तोच वास. आता ओळखला. जवसाचं तेल.

"आई, याला काय लावलंस?"

"तेल चोपडलं," ती सहज म्हणाली. "नवं मडकं तसंच कोणी वापरते का वं? दोन डाव तेल पाजलं, उन्हात ठेवलं, मंद आचेवर फिरवलं. पाहाय, थेंब नाई गळत आता!"

तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता. चूक खरं तर माझीच. मडकी कशासाठी आणली, ते मी तिला पुरायच्या दिवशी सांगितलं, आणली त्या दिवशी नाही. साठ वर्षं जिने नवं भांडं तेल पाजूनच चुलीवर चढवलं, तिच्या स्वयंपाकघरात कोरी मडकी आठवडाभर ठेवून गेल्यावर दुसरं काय होणार होतं? आणि पुरताना सांगितलं तेव्हा तरी तू बोलली का नाहीस, असं विचारल्यावर म्हणाली, "मले वाटलं, तुले समजते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच एक मडकं पिशवीत घालून कुंभाराकडे गेले. त्याची बायको दुकानावर होती. तिने ते नखाने खरवडून पाहिलं, वास घेतला आणि हसायला लागली.

"ताई, झिरपते म्हणून लोकं मडकं वापस आणतात. तुमी नाई झिरपत म्हणून घेऊन आल्या?"

"मला झिरपणारीच पाहिजेत. जितकी झिरपतील तितकी बरी."

"मंग पहिलेच नाई सांगायचं का!" तिने मागच्या अंगाला टाकलेली मडकी दाखवली. भट्टीत कमी भाजली गेली म्हणून पाणी धरत नव्हती. एकेकात पाणी ओतून तिने ती मला फरशीवर मांडून दाखवली. अर्ध्या तासात सगळ्यांना बाहेरून घाम फुटला. मी सहा निवडली. या वेळी घरात नेलीच नाहीत. रिक्षातून उतरवून थेट भाजीत. संध्याकाळच्या गाडीआधी सहाही पुरून, भरून झाली. तेलाची दोन मडकी आईने दही लावायला घेतली, बाकीची शेजारणींना वाटली.

बुधवारी दुपारी कामवाल्या बाईचा फोन आला. "ताई, सहाही खाली झाले. भरले मी. आता वांगे उभे हायेत." मी कार्यालयातच होते. फोन ठेवला आणि चहा मागवला. सकाळचा सहाचा फोन त्या आठवड्यापासून हळूहळू बंद पडला. एप्रिलमध्ये उन्हाने कहर केला तेव्हा शेजारणीकडून आणखी एकदा भरून घ्यावी लागली. सांबार तरीही गेला. त्याची मुळं मडक्यांपर्यंत पोचत नाहीत. बाकी सगळं टिकलं.

मे महिन्यात आईला तपासणीला नेलं. डॉक्टरांनी नवा एक्स-रे उजेडावर धरला आणि चीर भरली म्हणाले. मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "वजन उचललं नाही ना, आजी?"

"मार्चपर्यंत उचललं," आई म्हणाली. "मंग कामच नाई उरलं."

पट्टा आता दिवसा काढून ठेवायला हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं. आईने तो तिथेच काढला आणि माझ्या हातात दिला. तिला घरी सोडलं, वांग्याची भाजी-भाकर खाल्ली आणि बडनेऱ्याहून दुपारची गाडी घेतली. खिडकीजवळ जागा मिळाली. मूर्तिजापूर कधी मागे गेलं, कळलं नाही. शेजारच्या बाईने हलवून उठवलं तेव्हा अकोला आलं होतं.