मामीच्या बाजूचा दरवाजा

आमच्या मामांनी पेचकसाने टोचून पाहिलं नाही असं लोखंड यवतमाळ जिल्ह्यात उरलेलं नाही, आणि उरलंच असेल तर ते अजून जमिनीच्या पोटात दडून बसलं असेल. आर्णीला त्यांचं ट्रॉल्या आणि फाटकं बनवायचं वेल्डिंगचं दुकान आहे. माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा या गृहस्थांनी आत शिरण्याआधी मुलीच्या बापाच्या फाटकात पेचकस खुपसला. तो आरपार गेला. मग चहा यायच्या आत बैठकीत सगळ्यांदेखत निकाल दिला, "फाटक सडेल हाय, पण माणसं चांगली दिसून राह्यली." तरीही लग्न झालं, ही माझ्या सासऱ्यांची थोरवी. मजबुतीचं वेड तर असं, की घरच्या छत्रीला त्यांनी सळई जोडली. आता ती उघडायला दोन माणसं लागतात आणि तोवर पाऊस थांबतो.

असा माणूस राजूरकडच्या एका कोळसा ठेकेदाराच्या शेडमधून जुनी, लाल, दोन सीटची, बिनटपाची स्पोर्ट्स कार भंगारात उचलून आणतो, तेव्हा देवानेही कपाळावर हात मारून घेतला असेल. सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. वर रंग, खाली नुसता गंज. मामांनी पेचकस लावला तो मुठीसकट आत गेला, आणि मामा असे खूश झाले की जणू लॉटरी लागली. "पहिली सवारी तुही," त्यांनी तिथल्या तिथे मामींना सांगून टाकलं. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने बायकोला ट्रॉलीशिवाय दुसरं वाहन दाखवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मामींनी पेटीतलं हिरवं पातळ उन्हात टाकलं, हे मी स्वतः पाहिलं.

बिनटपाच्या गाडीचा सगळा जीव दरवाजाखालच्या लांब पोकळ पट्ट्यात असतो. मामा त्याला उंबरा म्हणत. दोन्ही उंबरे सडलेले. मामी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "कापाच्या आंधी दाराच्या जागेत तिरपी पट्टी ठोका. माह्या बापानं जिंदगीभर चौकटी केल्या, पट्टीबिगर एकबी हालवली नाही."

"लाकूड येगळं, लोखंड येगळं. तू चाय दे," मामा म्हणाले, आणि दोन्ही उंबरे एकदम कापून मोकळे झाले. गाडी मधोमध दोन बोटं खाली बसली. ते त्यांच्या ध्यानातच आलं नाही. त्यांनी त्यावर ट्रॉलीचं जाड लोखंडी चॅनल असं ठासून जोडलं, की रोडरोलर आदळला असता तर रोडरोलरच दुरुस्तीला आला असता. मग दरवाजा बसवायला घेतला. गाडी वाकल्याने जागा आवळली होती; दरवाजा मोठा, जागा लहान. मामा, मी आणि शेजारचा पंक्चरवाला, तिघांनी आळीपाळीने लाथा घातल्या. बसेना.

"दरवाजा पाह्यजेच कायले? रेसवाले उडी मारूनच बसतात," मामा घाम पुसत म्हणाले.

मामींनी कमरेला पदर खोचला. "पातळ नेसून मी उडी मारू? दारातून बसवान त बसीन, नाही त राहू द्या." पातळ पुन्हा पेटीत गेलं.

आठ दिवस मामांनी कुणाच्या फाटकाला हात लावला नाही. नवव्या दिवशी गॅसकटर घेऊन दोन महिन्यांचं स्वतःचं काम त्यांनी स्वतःच कापून काढलं, गाडीचं पोट जॅकवर उचललं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. "ते पट्टी कशी ठोकाची, दाखवशीन काय जरा?" मामांनी कुणाला काही विचारल्याचं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मामींनी हात पुसले, खडू घेतला, जमिनीवर दाराची चौकट काढली आणि तिच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ ओढून दिली.

दिवाळीनंतर उंबरे पुन्हा बसले. दरवाजा खट करून लागला. इंजिन अजून बाकड्यावरच होतं, त्यामुळे सवारी कसली आणि काय, पण मामी रीतसर दारातून आत जाऊन बसल्या. मामा मात्र हँडल धरून बाहेरच उभे.

"मामा, तुम्हीही बसा ना," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हळूच म्हणाले, "मी बसलो, त ही उतरन तवा दरवाजा कोन उघडन?"

मामी त्या दिवशी लवकर उतरल्याच नाहीत.