काशी गप्प राहिली

राहनाळच्या काशीची दोन बाळं गेली होती. पहिलं अंगावर पिता पिता, दुसरं पाळण्यात झोपलेलं. ना ताप, ना खोकला. सासू धोंडूबाई म्हणायची, "हिच्या दुधातच इख हाय." गावातल्या बायका तिला बारशाला बोलवेनाशा झाल्या.

चौऱ्याहत्तर साली चंद्रा झाली. पाच महिन्यांची असताना वरातीतला फटाका वाजला, तशी पोर दचकली, पांढरी पडली आणि तिनं मान टाकली. थोड्या वेळानं आपोआप शुद्धीवर आली. काशीनं कुणाला विचारलं नाही. नवऱ्याला, अनंताला, लूमवरची शिफ्ट बुडवायला लावून मुंबईचं मोठं इस्पितळ गाठलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिघांचे कार्डिओग्राम काढले. काशीचा नीट निघाला. चंद्राचा आणि अनंताचा एकाच तऱ्हेनं बिघडलेला.

"हा दोष बापाकडून आलाय," बाई म्हणाल्या. "अशा मुलाचं हृदय एकाएकी थांबू शकतं. ही गोळी कुटून रोज द्या, एकदाही चुकवू नका. आणि ह्यांच्या भावाबहिणींना मुलं झाली की त्यांनाही दाखवा."

परतताना एसटीत अनंता म्हणाला, "घरी बोलू नको. गोदूचं आत्ताच लगीन झालंय. आमच्या रक्तात खोट हाय म्हनतील, तिला परत धाडतील." गोदू त्याची धाकटी बहीण, काल्हेरला दिलेली.

इतकी वर्षं सगळं खापर काशीवर फुटलं, तेव्हा हा घुम्यासारखा बसला होता. तरी ती गप्प राहिली. चंद्रा गोळीवर जगली. धोंडूबाईनं त्याचं श्रेय भगताच्या दोऱ्याला दिलं.

दोन वर्षांनी गोदू सात महिन्यांचा मुलगा घेऊन माहेरी आली. तिसऱ्या दिवशी दुपारी तो झोपेतच गेला.

"सकाळी हिनंच घेतला व्हता त्याला," धोंडूबाई जमलेल्या बायकांना म्हणाली.

काशी आत गेली, पेटीतला इस्पितळाचा कागद आणून तिनं सगळ्यांसमोर धरला आणि बाईंचं बोलणं शब्द न् शब्द सांगितलं. अनंतानं मान वर केली नाही.

गोदू म्हणाली, "वयनी, दोन वर्सं तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"आनि मला सांगितलं न्हाय."

तुझ्या भावानंच अडवलं, हे काशीच्या ओठांवर आलं. पण त्या पोराकडे बघून तिला ते बोलवेना.

गोदूनं पुढची मुलगी आठवड्याची असतानाच मुंबईला नेली. तिच्यातही तोच दोष निघाला, गोळी सुरू झाली, पोर वाचली. भाऊबीजेला गोदू अनंताला ओवाळायला दरवर्षी यायची. काशीशी मात्र ती पुन्हा कधी बोलली नाही.